पोर्ट केंब्लाचं निळ्या काठाचं भांडं

आधीच कबूल करतो, मी थापाड्या आहे. इथे सिडनीत, टूनगॅबीतल्या कुठल्याही मराठी गेट-टुगेदरला विचारा! मी पकडलेला मासा दर वेळी वीतभर वाढतो, आणि ब्लू माउंटन्समधल्या कांगारूने मला शुद्ध मराठीत शिवी दिली होती हे मी छातीठोकपणे सांगतो. पण भुतंखेतं? छे! काडीचा विश्वास नव्हता. आणि नेमकं आज, तिखटमीठ न लावता खरं सांगतोय, तर कुणी मानणार नाही...

माझी बायको मुग्धा. तिची आई सांगलीत वारली तेव्हा मुग्धा विमानात होती. पोचली तोवर सगळं आटोपलेलं. तेव्हापासून हिचं जेवणच तुटलं. चहा-बिस्किट, बस्स. ड्रेस हँगरवर लटकावेत तसे अंगावर लटकायला लागले. डॉक्टर झाले, काउन्सेलर झाली, माझे विनोदसुद्धा झाले.

एका रविवारी मुग्धाला घेऊन वॉलॉंगॉंगहून परतताना मी पोर्ट केंब्लाला रस्ता चुकलो. भर दुपार. स्टीलच्या कारखान्याच्या मागे बंद दुकानांची गल्ली आणि त्यात एकच उघडं दार. ना बोर्ड, ना मेन्यू. आत एक लांबलचक टेबल आणि आपल्या पंगतीसारखी माणसं, मोठमोठ्या परातींतून वाढून घेणारी. त्यांच्या काट्याचमच्यांचा आवाज येत नव्हता, हे मला नंतर आठवलं.

काळ्या झग्यातली एक म्हातारी आली आणि टेबलाजवळची एकमेव रिकामी खुर्ची तिने मुग्धासाठी ओढली. मला कुणी बस म्हणालंच नाही! मी आपला कोपऱ्यात स्टूलवर.

सार्डिन मासे आणि बडीशेपेचा पाला घातलेला पास्ता... वांग्याची आंबटगोड कॅपोनाटा... मुग्धाने पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "मांजा, फिग्गिया." खा पोरी. मी तोंड फिरवून डोळे पुसले. निघताना उरलेली कॅपोनाटा तिने निळ्या काठाच्या भांड्यात घालून दिली. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यातली थोडी पॅरामॅटाच्या ऑफिसात नेली. तिथला माझा दोस्त साल्वो सिसिलीचा. इथल्या प्रत्येक इटालियन रेस्टॉरंटला शिव्या घालणं हा त्याचा जोडधंदा. एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"कुठे मिळालं?"

"का रे? बिघडलंय?"

"मेट, यात चॉकलेट किसून घातलंय. असं माझी आजी करायची. इथे कोण करणार?"

आता, आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. का, असं आईला विचारलं तर म्हणायची, "देऊ नये म्हणजे देऊ नये." मुग्धाने कित्येक महिन्यांनी गॅस पेटवला, बेसनाचे लाडू वळले. पुढच्या रविवारी आम्ही भांडं घेऊन गेलो.

दाराला गंजलेलं कुलूप. काचेवर बोटभर धूळ.

कोपऱ्यावरचा फिश-अँड-चिप्सवाला म्हणाला, "ते? शट फॉर इयर्स, मेट. म्हातारी आतच वारली. लेक सिसिलीहून निघाली होती, वेळेत पोचली नाही. तिच्यासाठी खुर्ची अडवून ठेवायची म्हातारी. कुणाला बसू द्यायची नाही."

मी गाडीकडे वळलो. मुग्धा मात्र शांतपणे लाडवांचं भांडं खिडकीच्या कठड्यावर ठेवून आली.

मंगळवारी तेच भांडं टूनगॅबीत आमच्या ओट्यावर होतं. आत कॅपोनाटा. गरम.

मी ओरडलो. मुग्धा चमचा घेऊन बसली.

मग हे सुरूच राहिलं. ती भरून नेऊन ठेवायची, ते भरून परत यायचं. ती दुसरं काही तोंडात घालेना. केसांचा त्या म्हातारीसारखा घट्ट अंबाडा घालायला लागली. सांगलीहून तिच्या बाबांचा फोन आला तर माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण बाबा?"

त्या दिवशी मी ठरवलं. भांडं घासलं, पुसलं, आणि मुग्धा अंघोळीला गेल्यावर एकटा गाडी घेऊन निघालो. रिकामं भांडं कठड्यावर ठेवलं. तेवढ्यात काचेतून आत नजर गेली. टेबल मांडलेलं होतं. सगळे बसले होते, पण कुणी जेवत नव्हतं. सगळ्यांच्या माना त्या एका रिकाम्या खुर्चीकडे वळलेल्या...

सिडनीपर्यंत मी आरशात मागे पाहिलं नाही.

भांडं पुन्हा आलं नाही. मुग्धाने माझ्या हातची खिचडी खाल्ली, बाबांना फोन केला, खूप रडली. सुटलो म्हटलं! मग काल जेवताना सहज म्हणाली, "भांडं रिकामं दिलंस ना तू?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. साल्वोलाही नाही.

"असं करतात का रे? तिला वाटलं, आपल्याला काही द्यायचंच नाहीये. उद्या मी जाऊन येते."

"काय घेऊन?"

ती हसली. मोकळे हात पुढे करत म्हणाली, "खुर्ची रिकामीच आहे ना अजून."

याचा अर्थ मला लागलेला नाही. सकाळी साल्वोला फोन करून सगळं सांगितलं; तो म्हणतो, स्ट्रेस आहे. असेल. आज रविवार आहे. मुग्धा आत अंबाडा घालतेय, आणि मी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मुठीत घेऊन दाराला पाठ लावून बसलोय.