दिल्ली ते टोरांटो: पंधरा तास आणि एक फोन

तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा टोरांटोला असलेला माझा धाकटा भाऊ सुनील आला नाही. ना अंत्यविधीला, ना दहाव्याला. तेव्हापासून माय त्याच्याशी फोनवर कामापुरतंच बोलायची. म्हणून यंदा तिनेच "मला सुन्याकडं घेऊन चल" म्हटल्यावर मी चक्रावलो.

"किती लांब हाय ते बघू दे एकदा," एवढंच ती म्हणाली.

आमच्या हसनाबादहून संभाजीनगरचं विमानतळ गाडीने दीडेक तास. तिथून दिल्ली दोन तास. दिल्लीत आम्ही एक मुक्काम केला. सोबत वयस्कर माणूस असेल तर तुम्हीही करा. व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा, तिचे पैसे पडत नाहीत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी विमानात खाऊन संपवायची या बेताने घेतली होती.

दिल्ली ते टोरांटो सरळ अंतर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास. न थांबणारं विमान जाताना साधारण पंधरा तास घेतं. हे मी कागदावर वाचलं होतं. मायने ते बसून मोजलं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात आमचं इवलंसं विमान मुंगीसारखं सरकत होतं, आणि तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

"बाळू, किती घंटे झाले?"

"सहा."

"अन् राह्यले?"

"नऊ."

तिने दशमी तशीच गुंडाळून ठेवली. "एवढ्या लांबून कसा येणार होता रे तो? मी उगंच राग धरला. पण निघायला तर पाह्यजे होतं."

तीन वर्षं गिळलेलं शेवटी बोललो.

"निघाल्ता माय. बॅग घेऊन तिकडच्या विमानतळावर गेल्ता. तिथून फोन केला त्यानं. मी म्हणलो, उरकलं सगळं, आता येऊन काय करतोस? मंग तो माघारी गेला."

रागात बोललो होतो. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं मी एकटा धावलो, त्याचा राग. मायने मान फिरवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. उरलेल्या नऊ तासांत तिने माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलं नाही. हवाईसुंदरीला खुणेने मागितलं.

टोरांटोला सुनील बाहेर उभा होता. केस पिकले होते त्याचे. तो पाया पडायला वाकला, तिने मध्येच त्याचे खांदे धरले.

"निघाल्तास म्हणं तू."

सुनीलने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग गाडीत सामान टाकताना माझ्या हातातली जड बॅग त्याने घेतली.

तीन आठवडे राहिलो. तलाव पाहिला, पिवळी-तांबडी झाडं पाहिली. चौथ्या दिवशी माय माझ्याशी बोलली: "चहात साखर कमी हाय."

परतीला वारं पाठीशी असल्याने विमान तासभर लवकर पोचतं. अंतर मात्र तेवढंच.

घरी पोचलो तर शेजारच्या कडूबाई काकू ओट्यावर बसलेल्या. दहाव्याला पोरगं आलं नाही म्हणून गावभर बोलणाऱ्या त्याच. "काय म्हणतं पोरगं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं हाय. तवा बी येतच होतं, काकू," माय म्हणाली. "आम्हीच येऊ नको म्हणलो."

मी बॅगा घेऊन दारातच थबकलो. 'आम्ही'ऐवजी 'बाळूनं' म्हणाली असती तर तेच खरं होतं.