ताईंच्या वहीतली वैशू

विद्यापीठाच्या बालवाडीच्या फाटकापाशी आम्ही आया, पोरं सुटायच्या आधी पंधरा मिनिटं येऊन उभ्या राहतो. तेवढ्यात एक तरी किस्सा निघतोच. वर्षभरात इतके साठलेत की कोणता कुणाच्या पोराचा यावरून वाद होतात. माझे मात्र मला पाठ आहेत, कारण हसतानाही माझ्या पोरीचं नाव निघतंय का, ते मी ऐकत असायचे.

*

ॲडमिशनच्या दिवशीचाच बघा. फॉर्मवर आईचं शिक्षण विचारलं होतं. मी ‘सातवी’ लिहिलं, अक्षर जरा बारीकच काढलं. मॅडमनी माझ्या वैशूला लाल ठोकळा दाखवून रंग विचारला. वैशू गप्प. पिवळा दाखवला. गप्प. घरी तर हिचं तोंड मिटत नाय! मला राहवेना. लाल, पिवळा, निळा, हिरवा, सगळे मीच सांगून टाकले.

मॅडम म्हणाल्या, “तुमची ॲडमिशन पक्की. आता हिचं बघू.”

*

इथली एक रीत आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या मुली, म्हणजे आमच्या पोरांच्या ताई, वही घेऊन भिंतीशी बसतात. पोरं काय करतात, काय बोलतात, ते लिहितात. त्यावर त्यांना मार्क मिळतात. मला त्या वहीची लई धास्ती. रोज वेणी घालताना वैशूला बजावायचे, शहाण्यासारखं बस, ताई लिहितात.

छावणीतल्या नसीमभाभीच्या इम्रानला कसली धास्ती! तो एकदा पल्लवीताईसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “कबसे लिख रई? होमवर्क घर पे नै करती क्या?”

ताईनं तेही लिहून घेतलं.

*

मग पल्लवीताईचं प्रॅक्टिकल आलं. परीक्षा घ्यायला बाहेरगावचे सर आले होते. ताईनं पुठ्ठ्याचा हत्ती धरून गोष्ट सुरू केली आणि हत्तीची सोंडच गळून पडली. तिचे डोळे भरले. इम्रान उठला, तिचा पदर धरून म्हणाला, “रो मत. छुट्टी में तेरी अम्मी आती.”

सरांना हसू आवरेना. ताई पास झाली. नसीमभाभी अजून तिला ऐकवते, डिग्रीवर माझ्या बेट्याचं पण नाव टाक.

फाटकाशी मीही हसले. पण त्या दिवशी सगळी पोरं काही ना काही बोलली होती. वैशू सोडून.

*

दिवाळीच्या आधी मॅडमनी बोलावलं. टेबलावर पल्लवीताईची वही उघडी होती. ‘वैष्णवी : बोलत नाही.’ खाली पुन्हा तेच. त्याच्याखाली पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, सुट्टीनंतरही असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवू, वेगळ्या शाळेचा विचार करावा लागेल.

मी म्हणाले, “मॅडम, घरी ही रेडिओ आहे.”

मॅडम म्हणाल्या, “सगळ्याच आया असं म्हणतात.”

संध्याकाळी हे चितेगावच्या कंपनीतून आले. ऐकून भडकले. “माझी पोरगी बोलते का नाय, ते आता वही ठरवणार व्हय?” आणि तिला मांडीवर घेऊन, जेवण थंड होईपर्यंत, रंग विचारत बसले. तिनं सगळे बरोबर सांगितले.

*

सुट्टी संपल्यावर मॅडमनी मला काचेमागच्या खोलीत बसवलं. तिथून वर्ग दिसतो, वर्गातून आपण दिसत नाही. आतला आवाज ऐकायला भिंतीवर छोटा स्पीकर आहे. शेजारी पल्लवीताई, मांडीवर वही.

वैशू बाहुल्यांच्या कोपऱ्यात एकटीच होती. तिनं एक बाहुली मांडीवर घेतली, तिच्या केसांची वेणी घालायला लागली. मग मान वळवून भिंतीकडं बघितलं, जिथं ताई बसतात तिकडं. कुणी नव्हतं.

स्पीकरमधून माझाच आवाज आला, फक्त बारीक.

“गप बसायचं बरं का. एक शब्द बोलायचा नाय. तू चुकली तर ताई लिहितील, हिच्या आईला काय येत नाय.”

पल्लवीताईचं पेन थांबलं. माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं, “वहिनी, काय लिहू?”

“लिहा,” मी म्हणाले, “वैष्णवी बोलली.”