न चाखलेली वाळू

मला एका जागी बसता येत नाही. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते, तेही वैतागून म्हणायचे की ह्याच्या पायाला भिंगरी आहे. अजूनही जेवताना माझा एक पाय हलत असतो आणि बायको ताट सरकवून घेते. डिचोलीजवळच्या एका खाणीने मला त्यांच्या रेल्वे लाइनवर साहेब म्हणून घेतलं, तेव्हा मला वाटलं, चला, आता आपल्यासारखंच धावणारं काहीतरी हाताखाली आलं. ती लाइन धावायची नाही, रांगायची.

लाइन म्हणजे डोंगरातल्या खाणीपासून नदीकाठच्या जेटीपर्यंतचा एकेरी रूळ. चालत गेलं तर तास-सव्वा तास. डिझेलची दोन इंजिनं, त्यातलं एक कायम उघडून ठेवलेलं. वाटेत कौलांचा कारखाना होता, त्याला चिकणमाती द्यायची आणि तयार कौलं उचलायची. पुढे काजूच्या कारखान्याला जळाऊ लाकूड टाकायचं. बाकी सगळे डबे लोहखनिजाचे. जेटीवर खनिज नेणारी सपाट बोट, बार्ज, उभी असायची आणि तिला भरतीच्या पाण्यावरच निघावं लागायचं. भरती चुकली की ती गाळात टेकायची, मुरगाव बंदरात जहाज खोळंबायचं आणि फोन माझ्या टेबलावर खणखणायचा. त्यामुळे माझ्या डोक्यात सतत नदीचं पाणी चढत-उतरत असे. माझं वय तेव्हा सत्तावीस, हातात डिप्लोमा, आणि अंगात नको तेवढी घाई.

आमचे ड्रायव्हर मात्र माझ्या अगदी उलट. सगळी लाइन त्यांना आबा म्हणायची. पेडण्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की सिंधुदुर्गात त्यांचं गाव. तिथे त्यांच्या घराला कुणी आडनावाने ओळखत नसे, ड्रायव्हराचं घर म्हणत. आठवडाभर खाणीच्या खोलीवर राहायचे आणि रविवारी घरी जायचे. निवृत्तीला आठ महिने उरले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता, आणि ते हे फार अभिमानाने, दर दोन-चार दिवसांनी, मला ऐकवायचे. मला त्याचाही कंटाळा यायचा.

आता वाळूचं सांगायला हवं. खाणीकडून जेटीकडे येताना सगळी उतरण आहे. हिवाळ्यात पहाटे रुळांवर दव पडतं, त्यात खनिजाची लाल धूळ मिसळते आणि रूळ लोण्यासारखे होतात. भरलेली गाडी घेऊन उतरताना ब्रेक लावला तर चाकं थांबतात, पण गाडी थांबत नाही. थांबलेल्या चाकांवरच ती घसरत जाते. म्हणून इंजिनावर वाळूची पेटी असते. खटका ओढला की नळीतून वाळू चाकांपुढे पडते आणि चाक रूळ धरतं. ती वाळू कोरडी ठणठणीत लागते. आबा ती स्वतः भाजायचे. काजूच्या कारखान्यातून टरफलं आणायची, मोठ्या कढईखाली पेटवायची, आणि डोळ्यांत झोंबणाऱ्या त्या धुरात उभं राहून वाळू परतायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटीत भरण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवायची, जरा थांबायचं, थुंकायचं, आणि मग भरायची. ह्या चाखण्या-भरण्याला वीस मिनिटं लागायची. मी घड्याळ बघत उभा असायचो आणि माझा जीव वर-खाली व्हायचा.

एके दिवशी भरती लवकर होती. आबा जिभेवर वाळू ठेवून स्वस्थ उभे. मला राहवलं नाही. जेटीवरचे कामगार, कारखान्याच्या बायका, ब्रेकवाला, सगळे होते. मी मोठ्याने विचारलं, "आबा, चव कशी आसा? मिरसांग घालूं?"

वाळूत मिरची, ह्यावर लोक हसले. कौलांच्या कारखान्यातली एक बाई तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. आबा हसले नाहीत. त्यांनी वाळू थुंकली, रुमालाने ओठ पुसले आणि इंजिनावर चढले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी चाखणं सोडलं. कढईतली वाळू सरळ पेटीत. माझी दहा मिनिटं वाचली आणि मी खूश झालो. एवढी सोपी गोष्ट आपण आधीच का केली नाही, असंही वाटलं.

त्याच हिवाळ्यात भाषेवरून गोवा पेटला. कोकणी की मराठी, ह्यावर घराघरांत भांडणं होती आणि रस्त्यांवर दगड, आडवी पाडलेली झाडं. आमच्या घरातही वडील आणि धाकटी काकी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. रस्ते बंद, त्यामुळे खनिजाचे ट्रक बंद. ट्रकांचा सगळा माल आमच्या लाइनवर आला. गाडी दिवसाला दोनदा जायची ती पाचदा जाऊ लागली. वरून फोन, खालून भरती, मधे मी. पाय एक क्षण थांबत नव्हते.

तिसऱ्या दिवशी वाळू संपली. आमची वाळू वाळपईकडून, गोड्या नदीतून यायची, ट्रकने. ट्रक कुठून येणार? जेटीच्या कोपऱ्यात बांधकामासाठी होडीने आणलेला वाळूचा ढीग होता, खाडीतून काढलेला. आबा वर खाणीत गेले होते. मी दोन कामगारांना ती वाळू कढईत घालून भाजायला लावली. त्यातल्या एकाने विचारलं, ही चलता व्हय? मी म्हणालो, वाळू ती वाळू. संध्याकाळपर्यंत ती छान कोरडी झाली. हातात घेऊन बघितली, बोटांतून भुरभुर सांडली. आबांना मी काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. सांगायला थांबावं लागलं असतं.

मिठाची वाळू सुकते, पण सुकी राहत नाही. हवेतलं पाणी ओढून घेते. हे डिप्लोमात नव्हतं. आबांच्या जिभेला ठाऊक होतं, आणि ती जीभ मी बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी ती न चाखता पेटीत भरली, आणि सकाळी मी जेटीवर घड्याळ घेऊन उभा होतो. काजूच्या कारखान्याजवळ इंजिनाचा भोंगा वाजला. एरवी तो दोनदा वाजायचा. ह्या वेळी वाजत राहिला. जेटीच्या फाटकातल्या बायका पळाल्या, डोक्यावरच्या टोपल्या टाकून पळाल्या, आणि वळणावरून गाडी आली ती थांबायच्या वेगाने नाही. चाकं फिरत नव्हती. न फिरणाऱ्या चाकांवर आठ भरलेले डबे माझ्याकडे येत होते. ब्रेकवाल्याने उडी मारली. आबा आत उभे दिसत होते, एक हात भोंग्यावर, एक हात वाळूच्या खटक्यावर, आणि तो खटका ते पुनःपुन्हा ओढत होते.

रुळाच्या शेवटी अडवायला ठेवलेला लाकडी स्लीपर आणि मातीचा बांध इंजिनाने फोडला आणि तिथेच ते रुतलं. मागचे दोन डबे आडवे होऊन खनिज नदीत गेलं. कुणी मेलं नाही. हे लिहिताना आजही मी एकदा थांबून तेवढंच वाक्य परत वाचतो. ब्रेकवाल्याचे गुडघे फुटले, आबांचा उजवा हात कोपराखाली मोडला.

मी इंजिनावर चढलो तेव्हा ते खाली बसले होते. पेटीचं झाकण उघडलं होतं आणि आत वाळूची ढेकळं. नळीच्या तोंडाशी मुठीएवढं ढेकूळ अडकलं होतं. आबांनी डाव्या हाताने त्यातलं थोडं खरवडून जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. लोकांनी त्यांना उचलून खाली नेलं. मग मी ते ढेकूळ नळीतून उपटलं आणि नदीत टाकलं. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

आठवड्याभराने मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. मॅनेजर बाहेरचा माणूस, त्याला लाइन म्हणजे फक्त कागदावरचे टन कळायचे. त्याने विचारलं, वेग किती होता. आबांनी सांगितलं, नेहमीचाच. ब्रेक लावला होता का, लावला होता. मग काय झालं?

"त्या दिसा वाळू मी चाखूक नाय," आबा म्हणाले.

"चाखूक नाय म्हणजे?"

"रोज चाखी होतंय. मगे सोडलंय. चाखलंय आसतंय तर कळला आसता. ती माझी चूक."

मॅनेजर हसला. लिहिणाऱ्या कारकुनाला म्हणाला, हे लिहू नकोस. त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ कळलेला मी एकटाच होतो. आबा माझ्याकडे बघत नव्हते, समोर भिंतीकडे बघत होते, पण बोलणं थांबवून ते वाट बघत होते. माझी वाट. जागा रिकामी ठेवून द्यावी तशी त्यांनी ती ठेवली होती. मी फक्त म्हणायचं होतं, वाळू मी बदलली. मी खुर्चीत बसून राहिलो. पाऊण तास. एकदाही पाय हलला नाही. मला माझीच इतकी किळस त्यापूर्वी कधी आली नव्हती.

निष्काळजीपणा आणि अतिवेग, असा शेरा लागला आणि आबांना कामावरून कमी केलं. हात गळ्यात बांधून ते खोली रिकामी करत होते तेव्हा मी तिकडे फिरकलो नाही.

मग माझे हाल सुरू झाले. लाइनवर वरून खाली, खालून वर, चालत. घरी ओसरीवर येरझारा. नार्व्याला देवळात गेलो तर प्रदक्षिणाच घालत राहिलो, समोर उभं राहवेना. आबांच्या गावचा एकजण आमच्या खाणीत फिटर होता. तो एकदा सहज म्हणाला, गावात बोलतात की आबा त्या दिवशी प्यायले होते. आबांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. मी ते ऐकलं आणि पाना शोधायचं निमित्त करून उठलो.

मे महिन्यात गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. त्याच आठवड्यात मी एका सकाळी म्हापशाची बस धरली, मग पेडण्याची. दोन्ही बसमध्ये लोक राज्य झाल्याचंच बोलत होते. मी उभाच होतो, जागा असून. नाक्यापलीकडे उतरून विचारलं, ड्रायव्हराचं घर कुठे? दाखवणारा माणूस कसंनुसं हसला.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. मी खरं काय ते सांगितल्यावर मॅनेजरने माझ्यावर तोंडसुख घेतलं, मला लाइनवरून काढून वजनकाट्यावर बसवलं. महिनाभर कागद इकडून तिकडे फिरले, आणि शेवटी आबांचा शेरा पुसून त्यांचे उरलेले महिने नोकरीत धरले गेले. लाइन दोन हंगामांनी बंद झाली, ट्रकच परवडतात म्हणून. पण मला सांगायचंय ते त्या ओसरीवरचं.

आबा काथ्या वळत बसले होते. उजवा हात नीट सरळ होत नव्हता. त्यांनी मला बसायला पाट दिला. मी उभ्या उभ्याच, त्यांच्या बायकोसमोर, सगळं भडाभडा ओकलो. वाळू, ढेकूळ, मॅनेजरची खोली. बोलून झाल्यावर डोळे भरून आले, आणि खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं. आता पाया पडावं आणि दुपारची बस गाठावी, असं मनात आलं.

त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "तुमी दोन दिसांत येतलास, असा हेंनी सांगलेल्यानी. पाच म्हयने झाले."

आबा उठून आत गेले आणि वहीचा फाडलेला कागद आणि पेन घेऊन आले.

"आता ह्याच लिवन दिया, सायबांनू."

मी पाटावर बसून लिहिलं. नाव, हुद्दा, वाळू कुठली, कुणी भाजून घेतली, ढेकूळ कुणी टाकलं. खाली सही केली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"वाचा. मोठ्यान."

मी वाचलं. कुंपणापलीकडे कुणीतरी झाडू मारायचं थांबलं. रस्ता दाखवणारा माणूसही फाटकाशी येऊन उभा होता. वाचून झालं तसं आबांनी कुंपणाकडे बघत नकारार्थी मान हलवली.

"परत. थंय आयकाक येवक नाय."

दुसऱ्यांदा वाचलं. तोवर कुंपणाशी सात-आठ माणसं झाली होती, एक म्हातारी कानाला हात लावून उभी. आबांनी तिच्याकडे बोट केलं. "त्या काकीक आयकाक जरा कमी येता," ते म्हणाले. "आणि हंय दारूचा पयला तीच बोललेली."

तिसऱ्यांदा मी ओसरीवरून खाली उतरलो, कुंपणापाशी गेलो आणि तिच्या कानाशी वाकून, पहिल्या ओळीपासून वाचलं.