फोटोसोबत नावही गेलं

शेताकडं जायच्या वाटेवर नाल्याचा पाइप खचला आणि ऑटो यायचे बंद झाले. आमची काकू वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठी, तोवर वरवट बकालच्या बाजारात बाकीच्यांचा माल विकून झालेला असे. उरलेली वांगी आम्ही खायचो. रोज.

तक्रार ऑनलाइनच करा, असा रस्त्याच्या इंजिनिअर साहेबांचा हुकूम. पोर्टल कसं, तर सगळं भरा, फोटो जोडा, बटण दाबा. चकरी फिरणार आणि भरलेलं पुसून टाकणार. तक्रार करणाऱ्याला दमवायचीच ही सोय आहे, असं मी गावात वाटायच्या माझ्या पत्रकात छापलं. पत्रकाला कोण विचारतं? मग पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. नाव, गाव, मजकूर आणि फोटोची फाइल एकाच पोस्ट रिक्वेस्टमध्ये, म्हणजे एकाच पाकिटात, बांधायची आणि सर्व्हर पोच देईपर्यंत पाठवत राहायचं. मी चहा पीत बसले. पोच आली.

दोनेक दिवसांत साहेब स्वतः नाल्यावर हजर.

"हे काय पाठवलं, ताई?"

"खचलेल्या पाइपचा फोटो."

"फोटो जाऊ द्या. खालचं नाव वाचा."

त्यांच्या मोबाइलवर तक्रारीखाली ठळक दिसत होतं: 'नाल्यात पाइप झोपला, ऑफिसात साहेब'.

पत्रकं लिहून लिहून मी फाइललाही मथळाच देते. ते नाव माझ्या लॅपटॉपपुरतं, अशी माझी समजूत. पण वेगळं नाव सांगितलं नाही, तर स्क्रिप्ट फाइलसोबत तिचं मूळ नावही धाडते, आणि पोर्टल ते जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनाही दाखवतं.

"मागं घ्या हे. साधं नाव देऊन नवीन टाका."

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, "घेते ना पोरगी मांगं. तुमी पाइप टाका, ऑटो जाऊ द्या, मंग."

"अहो, आधी तक्रार..."

"काऊन? मोठे साहेब वाचून राह्यले का?"

साहेबांनी मोबाइल खिशात घातला.

नवा पाइप पडला. वर मुरूम, वर सिमेंट. ते वाळल्यावर वांग्याची पोती भरून पहिला ऑटो निघाला, तेव्हा साहेब फोटो काढायला उभे होते. काकूनं ऑटो नाल्याच्या अलीकडंच थांबवला.

"बसा साहेब पोत्यावर. तुमचं काम हाय, तुमीच पह्यले जा."

साहेब हसले. काकू हसत नव्हती. बसले बिचारे. पलीकडं उतरून ते पँटीतले देठांचे काटे काढत होते, तेवढ्यात मी मोबाइलवर तक्रार मागं घेतली. काकू नाला ओलांडून आली आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसली.

"चाल बे, बाजार उठून जाईन."