मावसोबांनी काढलेल्या देवी

निजामी अमदानीत खोटं लिहिणारे काही कमी नव्हते, पण इतक्या देखण्या अक्षरात खोटं लिहिणारा माणूस आमच्या मावसोबांखेरीज दुसरा झाला नसेल. मावसोबा म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. सरकारी नोकरी देवी टोचण्याची, गावच्या भाषेत देवी काढण्याची. गावोगाव तट्टावरून हिंडायचं, पोरांच्या दंडावर लस टोचायची, आठ दिवसांनी फोड आला का ते पाहायचं आणि मग रजिस्टरात नाव लिहायचं. यातलं शेवटचं काम ते जीव ओतून करत. बाकीच्या कामांशी त्यांचं कधी जमलंच नाही, कारण रक्ताचा थेंब दिसला की हा सहा फुटी, गलमिशांचा माणूस मटकन खाली बसायचा. उर्दू अक्षर मात्र असं, की कचेरीतले मुन्शी त्यांचं रजिस्टर आल्यागेल्याला उघडून दाखवत. आतला मजकूर खरा आहे का, हे विचारण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

बायांनाही टोचणं नकोच असायचं. लेकराला ताप येतो, सुगीचा दिवस बुडतो, शिवाय देवी कोपली तर काय घ्या. त्यामुळे मावसोबांचं तट्टू गावात शिरलं की तुपाचे गडू बाहेर यायचे. मावसोबा बोटभर तूप मनगटावर चोळत, हुंगत, डोळे बारीक करून पुन्हा हुंगत. तूप पारखायला त्यांनी जेवढा वेळ दिला, त्याच्या निम्मा पोरांना दिला असता तर सरकारनं त्यांना पदक दिलं असतं. "बराबर हाय, रवाळ हाय," ते म्हणत, "जा बाई घरी. तुझ्या लेकराच्या देवी निघाल्या." आणि तिथल्या तिथं नाव चढायचं. तालुक्याचे डॉक्टर तपासणीला यायचे असले, की महिनाभर आधी मावसोबा पंधरा-वीस पोरांच्या दंडावर बिब्ब्याचा ठिपका देत. बिब्बा उततो, फोड येतो, डाग राहतो. डॉक्टर घोड्यावरूनच ते दंड पाहत आणि मावसोबांना शाबासकी देऊन जेवायला जात.

आमच्या केदारखेड्यात आपणहून पोर घेऊन आलेली बाई एकच, ती माझी आई. तिचा पाठचा भाऊ देवीत गेला होता. "दाजी, तूप-बिप मिळायचं न्हाई," तिनं सांगितलं, "खरंखुरं टोचा." मी चार वर्षांचा होतो आणि मावसोबांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं होतं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी आईला पाणी आणायला आत पाठवलं, सुई पेटीतच ठेवली आणि माझ्या दंडावर बिब्बा लावला. तुझं रडणं त्यांना बघवलं नाही रे, असं मावशी पुढे सांगायची. मी त्याला भित्रेपणा म्हणतो, आणि आजही तेच म्हणेन.

दोन वर्षांनी साथ आली आणि गावात पहिला मी आजारी पडलो. "ह्याच्या तर निघाल्यात, मंग गोवर आसंल," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. तिसऱ्या दिवशी माझं तोंड फोडांनी भरून आलं. मावसोबा आले, मला पाहिलं आणि उठून तट्टावर बसले ते थेट तालुक्याला लस मागायला. गावातली बाकीची पोरं अजून कोरीच होती. डॉक्टर म्हणाले, केदारखेडा तर तुमच्याच रजिस्टरात पुरा झालाय. लस थोडी आहे, ती जिथं नावं राहिलीत तिथं जाईल.

आता खरं सांगितल्याशिवाय थेंबभर लस मिळणार नव्हती, आणि सांगितलं तर नोकरी जाणार होती, कदाचित कैदही होणार होती. मावसोबांनी डॉक्टरांच्या समोर रजिस्टर उघडलं आणि एकेका नावावर काट मारली. पहिली माझ्या नावावर. मी याचं कौतुक करणार नाही. वेळेवर सुई टोचली असती तर काट मारायची पाळीच आली नसती. पण लस मिळाली आणि त्यांनीच ती गावभर टोचली, डोळे उघडे ठेवून. त्या पोरांतलं एकही गेलं नाही. मग चौकशी झाली, कैद टळली, नोकरी गेली. जागेवर आलेल्या नव्या माणसाला पेटी सोपवताना ते म्हणाले, "आधी टोच. आठ दिवसानं दंड बघ. मंग लिही. ह्याच्यात उलटपालट करू नको बिलकुल."

मी वाचलो, चेहऱ्याची तेवढी चाळण झाली. मावसोबांशी मी कित्येक वर्षं धड बोललो नाही. ते येत, ओसरीवर बसत, माझ्या तोंडाकडे न पाहता आईची खुशाली विचारत आणि जात.

माझी मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा गावात देवी टोचणारा आला. मावसोबा फार थकले होते, तरी काठी टेकत आले आणि तिला मांडीवर घेऊन बसले. सुई पाहताच पोरगी त्यांच्या गळ्याला मिठी मारून अशी रडायला लागली, की माझाच जीव गोळा झाला.

"मावसोबा," मी म्हणालो, "आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या."

"न्हाई रे," ते म्हणाले, "आसंच करून ऱ्हाऊन जातं."

त्यांनी तिचा दंड घट्ट धरला. पोरगी रडत होती, मावसोबाही रडत होते, पण सुई निघेपर्यंत त्यांची नजर तिच्या दंडावरून हलली नाही. मी मात्र तोंड फिरवून उभा होतो.