बाबुलाल हवालदाराची रीत

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार. सकाळी ढग, दुपारी कडक ऊन. संगीताच्या ओमचं नाव वनरक्षकाच्या निवड यादीत आलं. तिने पेढे आणले. आता पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली. दुपारी ठाण्यात शांतता समितीची बैठक. मी दोन शब्द बोलले, बाबुलाल हवालदारांचं कौतुक केलं. येताना मेथी आणली, फार महाग. सोमवारी पोळा.

एवढं लिहून कोकिळाबाई मानकरांनी वही मिटली. आपण काय करून बसलो आहोत, याची त्यांना अजून पुरती कल्पना नव्हती. बैठकीनंतर एकही माणूस आपल्याशी बोलायला थांबला नाही, एवढंच मनाला लागून राहिलं होतं.

कोकिळाबाईंचं लहानपण अमरावतीच्या कॉन्व्हेंटात गेलं. तिथल्या सिस्टरनी लावलेल्या दोन सवयी पंच्याहत्तरी ओलांडली तरी सुटल्या नव्हत्या. रोज डायरी लिहायची, आणि डोळ्यांनी पाहिलं ते जसंच्या तसं सांगायचं. त्यांचे यजमान कापसाच्या व्यापारात होते. बोट लावून कापसाची जात सांगणारा तो माणूस बायकोला थट्टेनं म्हणायचा, ‘तुझ्या बोलण्यात सरकी फार. थोडी काढून मग बोलत जा.’ यजमान गेले, तसं असं सांगणारं घरात कुणी उरलं नाही.

बाबुलाल राठोड त्यांच्या मोहल्ल्याचा बीट हवालदार. घाटंजीकडच्या एका तांड्यातला. पोट थोडं सुटलेलं, मोटारसायकल जुनी, आणि खिशात कायम बडीशेप. मोबाईलवर बायकोशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचा, मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांशी वऱ्हाडीत आणि साहेबांशी पुस्तकी मराठीत. कोकिळाबाईंच्या फाटकाशी थांबून पाणी प्यायचा, त्यांना मावशी म्हणायचा.

पोरांजवळ गांजाची पुडी सापडली, तर बाबुलालची एक रीत होती. पुडी चिमूटभर असली, पोरगं विकणारं नसलं आणि कुठंतरी कामाला जाणारं किंवा शिकणारं असलं, तर तो त्याला ठाण्यात नेत नसे. तिथंच उभं करायचा आणि म्हणायचा, “आईले फोन लाव. तूच सांग तुझ्या तोंडानं.” पोरगं रडायचं, पाया पडायचं, हवालदारानं दोन थापडा माराव्या पण फोन नको म्हणायचं. बाबुलाल बडीशेप चघळत उभा. शेवटी फोन लागायचा. फोन ठेवला की पुडी नालीत, वरून बादलीभर पाणी, आणि पोरगं घरी. पुढचं काम आई करायची. मोहल्ल्यातल्या बायकांत म्हणच पडली होती: फोन आला म्हंजे पोट्टं घरी येते.

जुलैत हे सगळं कोकिळाबाईंनी आपल्या फाटकातून पाहिलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या शकीलमिस्त्रींचा आसिम होता तो. फोनमधून त्याच्या आईचा, अकीलाचा, आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. ती ओरडली नव्हती. घर आ, एवढंच म्हणाली होती. पाण्याची बादली कोकिळाबाईंचीच होती. तेव्हापासून आसिम रोज बापाच्या हाताखाली स्कूटर उघडून बसलेला दिसायचा. कोकिळाबाईंना वाटलं, पोलीस असावा तर असा.

सणांच्या आधी ठाण्यात शांतता समिती बसते. दोन्ही समाजांची जुनी माणसं, चहा-बिस्किटं, मिरवणुकीचा रस्ता, भोंग्यांची वेळ. त्या वर्षी गणपती आणि ईद जवळजवळ आलेले. नवे ठाणेदार नुकतेच बदलून आलेले, त्यांचे वरचे साहेबही खुर्चीवर. कुणाला काही सूचना करायच्या आहेत का, असं विचारल्यावर कोकिळाबाई उठल्या. माईक हातात घेऊन म्हणाल्या, चांगलं काम करणाऱ्याचं नाव घेतलं पाहिजे. आणि त्यांनी सांगितलं. दिवस सांगितला, जागा सांगितली, पुडी सांगितली, नाली आणि बादलीही सांगितली. आसिमचं नाव त्यांनी घेतलं नाही, ‘गॅरेजवाल्यांचा मुलगा’ म्हणाल्या. तिसऱ्या रांगेत शकीलमिस्त्री बसले होते. त्यांनी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

ठाणेदार आवाज न चढवता म्हणाले, “राठोड, खरं आहे हे?”

भिंतीशी उभा असलेला बाबुलाल म्हणाला, “हो साहेब.”

नंतर पुन्हा मिरवणुकीच्या रस्त्यावर बोलणं सुरू झालं.

दोन दिवसांनी बाबुलाल फाटकाशी आला. पाणी मागितलं नाही. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला होता. निवृत्तीला वर्षही उरलेलं नव्हतं. आता बीटवर काहीही सापडलं की ठाण्यात आणायचं, रीतसर पंचनामा करायचा, आणि त्याच्यासोबत रजत नावाचा एक नवा शिपाई कायम राहणार, असा हुकूम झाला होता. कोकिळाबाई म्हणाल्या, मी तर तुमचं कौतुकच केलं होतं. बाबुलालनं मान हलवली.

“तुमी चांगल्या मनानंच बोलल्या, मावशी. पन असं काम माईकवर सांगाचं नसते.”

एवढं बोलून तो गेला. आसिमच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. पुडीच वाहून गेली होती, पुरावा कसला? पण शकीलमिस्त्रींनी कोकिळाबाईंना सलाम करणं सोडलं. कोकिळाबाई गॅरेजचा कोपरा टाळून लांबच्या गल्लीनं भाजीला जाऊ लागल्या. मनाची समजूत घालत राहिल्या, बाबुलालचा खुलासा मंजूर होईल, सगळं विसरलं जाईल. झालंही तसंच, बाबुलालला नुसती ताकीद मिळाली. त्या दिवशी कोकिळाबाई पोटभर जेवल्या.

गणपती उठले त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संगीता भांडी घासत होती. ती कोकिळाबाईंकडे कैक वर्षांपासून कामाला. नवरा नाही, एकुलता ओम. वनरक्षकाच्या चाचणीसाठी तो मैलोन् मैल चालायचा, आणि संगीता त्याच्या बुटांचे तळ शिवून आणायची. तिचा फोन वाजला. ओल्या हातानं तिनं तो कानाला लावला, आणि तिचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. ओम होता. लोहाऱ्याच्या रस्त्यावर दोस्तांनी निवडीची पार्टी मागितली, त्यात एकानं पुडी आणली, ती ओमच्या खिशात सापडली. बाबुलाल काकांनी पकडलं म्हणून तो सांगत होता. संगीतानं त्याला मेल्या, मुडद्या, बापाचं नाव घालवलं, सारं ऐकवलं. फोन ठेवला आणि डोळे पुसत चक्क हसली.

“येऊ दे घरी, लाटण्यानंच फोडते. बरं झालं काकू, बाबुलालभाऊच भेटले. फोन आला म्हंजे पोट्टं येते घरी.”

ती पुन्हा भांड्यांकडे वळली. कोकिळाबाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. ती म्हण आता खरी राहिली नाही, हे त्या घरात फक्त त्यांना ठाऊक होतं. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण जन्मभर जे पाहिलं ते फटकन सांगणारी बाई साखरेचा डबा शोधू लागली. त्यांनी साखर टाकली. संगीतानं चहा घेतला, ओट्यावरून फडकं फिरवलं, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. ओम आला नाही.

दोघी ऑटोनं ठाण्यात गेल्या. ओम बाकावर बसलेला, शेजारी तो नवा शिपाई. बाबुलाल टेबलाशी वाकून लिहीत होता.

“भाऊ, त्यानं फोन लावला न मले,” संगीता म्हणाली. “सारं सांगतलं न त्यानं. आता काहून बसवून ठेवलं?”

बाबुलालनं पेन थांबवलं. “त्यानं आपल्या मनानं लावला, बाई. म्या लावाले नाई सांगतलं.”

संगीताला कळेना. बाबुलालची नजर एकदा कोकिळाबाईंवर आली आणि लगेच कागदावर गेली. असं का, हे त्यानं सांगितलं नाही. त्यानं आपल्याला झाकलं, हे कोकिळाबाईंना कळलं, आणि ते त्यांना सोसवेना. त्या उठून थेट ठाणेदारांच्या खोलीत गेल्या. मुलगा गुणी आहे, नोकरी हातातोंडाशी आली आहे, गुन्हा नोंदला तर पडताळणीत सगळं जाईल, एवढा एकदा समज देऊन सोडा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

ठाणेदारांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी मागवलं.

“मॅडम, समज देऊन सोडण्याचं काय होतं, ते तुम्हीच भर बैठकीत सांगितलंत. माझे साहेब बाजूला बसले होते. आज मी याला सोडलं, आणि पुढच्या बैठकीत तुम्ही माझं कौतुक केलंत, तर मी काय करू?”

ते टोमणा मारत होते की खरंच विचारत होते, कोकिळाबाईंना ठरवता आलं नाही. त्यांनी मागे पाहिलं. दारात संगीता उभी होती.

ओमला जामिनावर सोडलं, पण गुन्हा नोंदला गेला. ऑटोत तिघंही होते. ओम बाहेर पाहत होता. आईनं त्याला लाटणंच काय, बोटही लावलं नाही. बसस्थानकाजवळ ऑटो थांबला, तेव्हा संगीता हळूच म्हणाली, “माझे पेढे खाऊनच तुमी मीटिंगले गेलत्या न, काकू?”

कोकिळाबाई हो म्हणाल्या.

“मले वाटलं, चांगल्या पायानं गेल्या.”

दुसऱ्या दिवशी संगीता कामावर आली. कोकिळाबाईंनी रात्रभर जागून ठरवलं होतं. वर अर्ज करायचा, वकील बघायचा, शकीलमिस्त्रींचीही माफी मागायची. बाबुलालच्या साहेबांच्या साहेबांना भेटून नीट समजावून सांगायचं. त्या एकेक सांगत गेल्या. संगीता खाली मान घालून फरशी पुसत होती. पुसता पुसता त्यांच्या पायांशी आली, तेव्हा थांबली.

“राहू द्या, काकू. तुमी आता कोनाशी काई बोलू नका.”

कोकिळाबाईंनी पाय वर घेतले. संगीतानं खालची फरशी पुसली, पोतेरं पिळून दोरीवर टाकलं आणि फाटक लावून गेली. यजमानांची सरकीची थट्टा आठवली, पण आता ती थट्टा वाटेना. संध्याकाळी त्या वही घेऊन बसल्या. ठाण्याचं, ऑटोचं, ओमचं सगळं तारीखवार लिहावं म्हणून त्यांनी पेन उघडलं. लिहिलं मात्र एवढंच:

संगीता वेळेवर आली. भांडी, फरशी झाली. तिच्या वाटचा चहा उरला.