इंग्रिडबाईंच्या नावावर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

दोन हजार सालानंतर आम्ही पुण्याहून ऑकलंडला आलो, तिथल्या पापाटोएटो या उपनगरात राहिलो. सई पाच वर्षांची. तिच्या वर्गाच्या इंग्रिडबाई मूळच्या नॉर्वेच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बजावलं होतं — "घरी तुमच्याच भाषेत बोला. माझ्या मुलांना माझी भाषा येत नाही, ते मला फार लागतं."

आणि मी काय केलं? सईचे उच्चार इथल्यासारखे व्हावेत म्हणून घरात इंग्लिश सुरू केलं. तिने मराठीत काही मागितलं की मी ऐकूच आलं नाही असं दाखवायचे. पोर रडवेली व्हायची — तरीही.

मग सासूबाई राहायला आल्या. नातीला त्यांचं सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. एकदा त्यांनी विचारलंच, "अगं, ही माझ्याशी बोलत का नाही?" मी भाजी परतत म्हटलं, "तिच्या बाईंनीच सांगितलंय, घरी इंग्लिशच बोला."

किती सहज निघालं तोंडातून!

पुढे इंग्रिडबाई शाळा सोडून राजकारणात गेल्या, निवडून आल्या, चक्क मंत्री झाल्या. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला पाहुण्या म्हणून आल्या, तेव्हा सासूबाई पुन्हा इथे होत्या. मला ओळखून बाई "किया ओरा!" असा इथला माओरी नमस्कार करत जवळ आल्या. ह्याच सईच्या बाई, हे कळताच सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "एवढ्या मोठ्या झालात, पण माझ्या नातीचं मराठी का हो सोडवलंत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्लिशमध्ये सांगितलं — त्या तुमचे आभार मानतायत, नातीला छान शिकवलंत म्हणून.

बाई केवढ्या खूश झाल्या! सई तुमच्या भाषेत बोलते ना अजून, असं त्यांनी सासूबाईंना विचारलं. आणि मी — मी सासूबाईंना म्हटलं, "त्या म्हणतायत, चुकलं माझं."

सासूबाईंनी बाईंच्या हातावर थोपटलं. "असू दे हो."

पुण्यात त्या शेवटपर्यंत कौतुकाने सांगत राहिल्या — तिकडे मंत्रीसुद्धा माफी मागतात. मी फोनवर हूं हूं करायचे.

त्या कार्यक्रमात सई शेजारीच उभी होती. बारा वर्षांची. माझ्याखेरीज दोन्हीकडचं समजणारी आमच्या चौघींत ती एकटीच. घरी येताना गाडीत आजीजवळ बसली आणि अडखळत, चुकत, मराठीत बोलायला लागली.

माझ्याशी ती आजही इंग्लिशच बोलते.